पुणे–आंबोली–सावंतवाडी: उंच हँडलची खरी परीक्षा

मार्ग पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. एकूण साधारण ३८० किलोमीटर, मुक्काम कोल्हापुरात. गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. हँडल मूळच्यापेक्षा ४० मिमी उंच आणि २० मिमी मागे आलेलं. मागच्या सीटवर दहा-बारा किलोची बॅग.

हँडल निवडताना सगळे उंचीच विचारतात. मनगटाचं दुखणं बऱ्याचदा उंचीने नाही, तर हँडल किती मागे येतं आणि ग्रिपचा कोन कसा आहे यावरून ठरतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, डोळे मिटून बसा, खांदे सैल सोडा आणि हात सहज पुढे करा. मुठी जिथे थांबतील तिथपासून ग्रिपपर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. ते २५-३० मिमीच्या आत असेल तर नवं हँडल नकोच, रायझर (हँडलखाली घालून ते उंच करणारे ठोकळे) पुरतात. काटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) २६ अंश मागे कललेला असेल, तर त्याच रेषेत बसणारा ३० मिमीचा रायझर हँडलला १३ मिमी मागेही आणतो. हे गणित सोडून मागे वळलेलं हँडल वर रायझर लावून घेतलं, की वळताना मूठ टाकीला भिडते.

व्यासही तपासा. क्लासिकला २२ मिमीचं हँडल बसतं. मधे २८.६ मिमी जाड असलेल्या हँडलला ते धरणारे वेगळे क्लॅम्प लागतात. स्विचच्या डबीत आतून पिन असेल तर हँडलला त्या जागी भोक हवं. पिन घासून काढली की घट्ट धरलेली डबी हातात फिरते.

खरी मेख केबलींची. ३० मिमीपर्यंत मूळ केबली मार्ग बदलून बऱ्याचदा पुरतात. ४० च्या पुढे क्लच, थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकचा होज (ऑइलची नळी) तिन्ही लांब घ्यायची तयारी ठेवा. होज बदलला तर त्याचं टोक धरणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर घाला, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ब्रेक ऑइल भरा आणि हवा पूर्ण काढा. लिव्हर स्पंजासारखी दबत असेल तर गाडी रस्त्यावर आणूच नका. आणखी एक चूक सर्रास होते: थोडी उंची मिळावी म्हणून हँडल क्लॅम्पमध्येच फिरवायचं. त्याने ब्रेक ऑइलची डबी कलते आणि लिव्हरचा कोन बिघडतो.

क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने आवळा. एम८ बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, पण अंतिम आकडा मॅन्युअलमधलाच.

निघण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. आरपीएम (इंजिनचे फेरे) तसूभरही वाढता कामा नये. दोन्ही टोकांना ब्रेक, क्लच आणि हॉर्न दाबून बघा. मूठ आणि टाकी यांत अंगठा मोकळा राहील एवढी जागा हवी.

पुणे–कोल्हापूर हा २३० किलोमीटरचा महामार्ग या हँडलला सोपा जाईल असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. ताठ बसल्यावर वारा थेट छातीवर येतो. ८०-८५ ला मजेत, ९५ च्या पुढे हात नकळत हँडलला लटकतात, मग ट्रकच्या मागच्या भोवऱ्यात पुढचं चाक हलकं डुलतं. मागे सामान असलं की जास्तच. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल सोडा, जड सामान मागच्या टोकाला न ठेवता सीटलगत आणा. मनगट खूश होतं, पण भार माकडहाडावर जातो. दर ७०-८० किलोमीटरला उतरावंच लागतं.

कोल्हापुरात सकाळी क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा तपासले, एक पाव फेरा सैल निघाला. नव्या हँडलवर पहिल्या २००-३०० किलोमीटरला हे तपासणं सोडू नका.

आजऱ्यापुढे रस्ता अरुंद आणि वळणांचा, इथे उंच हँडल आपली किंमत वसूल करतं. रुंद पकडीमुळे गाडी कमी जोर लावून वळते. आंबोलीचा घाट उतरताना मात्र ब्रेकला शरीर पुढे सरकतं. हातांनी नव्हे, गुडघ्यांनी अडवा. व्ह्यू पॉइंटवर यू-टर्न घेताना आरपीएम उसळले. थ्रॉटलची केबल टाकीखाली एका ब्रॅकेटमागे ओढली गेली होती. घरी झाली ती तपासणी निघण्याआधीची होती. वाटेत केबल जागची सरकू शकते. म्हणून ती चाचणी वाटेतही पुन्हा करा.

पावसात वायरींना स्विचखाली खोलगट वळसा ठेवा, म्हणजे पाणी कनेक्टरपर्यंत न जाता तिथूनच टपकेल.

सोबत ५, ६, ८ मिमी अ‍ॅलन की, १० ते १४ चे पाने, झिप टाय आणि लांब मापाची क्लच केबल ठेवा. वाटेतल्या दुकानात मूळ मापाचीच मिळते, ती या हँडलला पोचत नाही.