परसदारी पत्र्याची शेड बांधताना

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात पूर्वी लाकडी मेढींची एक खोप होती. सरपण, नारळ, आंब्याच्या पेट्या, गवत कापण्याचे यंत्र आणि पावसाळ्याच्या बेगमीचे बरेच सामान तिच्यात राहत असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले तेव्हा ती खोप गेली, आणि तिच्याबरोबर शेजारच्या वाडीतल्या एका शेडचे अख्खे छप्पर पर्लिनसकट, म्हणजे पत्रे ज्यांवर बसवतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांसकट, उचलले जाऊन आमच्या माडाला वेढले. शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी नवी पत्र्याची शेड बांधायला घेतली, ती हे छप्पर डोळ्यांसमोर ठेवूनच. या कामात मला जे विचारून, वाचून आणि काही वेळा चुकून समजले, ते परसात शेड घालू पाहणाऱ्यांना आधीच माहीत असावे म्हणून लिहिते आहे.

मी बोलावलेल्या फॅब्रिकेटरने पहिल्या भेटीत पत्र्याचा रंग, दाराची रुंदी आणि एकूण खर्च एवढेच विचारले. पायाचा विषय निघाला तेव्हा आहे त्या कोब्यावर खांब फास्टनरने, म्हणजे भोक पाडून ठोकायच्या बोल्टांनी, आवळून टाकू, असे त्याचे म्हणणे होते. त्याच दिवशी घराची चिरेबंदी दुरुस्त करायला आलेले आमचे जुने गवंडी ते ऐकत होते. तो गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई, शेड पडत नाही, उडते. तिला खाली बांधून ठेवायची असते." त्यांच्या बोलण्यामागचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. ताशी ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५७ किलो भरतो, आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला साधारण साडेचार किलोच वजनाचा असतो. आमची शेड दहा बाय बारा फुटांची, म्हणजे छप्पर जेमतेम अकरा चौरस मीटरचे; तेवढ्यावर सहाशे किलोच्या आसपास जोर येऊ शकतो आणि तो पेलायला पत्र्याचे स्वतःचे वजन पन्नास किलो. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्ष उचल छपराच्या उतारावर आणि कडांवर कमीजास्त होते, आणि वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले तर आत शिरलेला वारा खालूनही छप्पर ढकलतो. तरीही कोब्यात घातलेल्या चार इंची फास्टनरच्या भरवशावर शेड उभी करू नये, हे समजायला तो मला पुरेसा वाटला.

म्हणून आम्ही सहा खांबांसाठी दीड बाय दीड फुटाचे, दोन फूट खोल खड्डे घेतले. खाली जांभ्याचा कातळ लागल्यामुळे दोन ठिकाणी पहार चालेना आणि ब्रेकर आणावा लागला. एका खड्ड्यातले काँक्रीट साधारण तीनशे किलो भरते. ते ओले असतानाच त्यात वाकडे बोल्ट साच्याने बरोबर अंतरावर सोडले आणि आठ दिवस पाणी मारून मग खांबांच्या तळपट्ट्या त्यांवर बसवल्या. खांब थेट मातीत किंवा काँक्रीटमध्ये पुरू दिले नाहीत, कारण पुरलेला पाइप जमिनीच्या पातळीवर, जिथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, तिथेच आधी गंजतो. खर्चाचा मोठा भाग असा जमिनीखाली गेला, आणि मला त्याचे अजिबात वाईट वाटत नाही.

परवानगीबाबत थोडक्यात सांगते. "पत्र्याचे आहे, तात्पुरते आहे, त्याला कोण विचारतो" असे मला तिघांनी तरी सांगितले. परंतु पाया घालून बोल्टने बसवलेली शेड बांधकामात धरली जाऊ शकते, घरपट्टीच्या आकारणीतही येऊ शकते, आणि हद्दीपासून किती जागा मोकळी सोडायची हे नियमाने ठरलेले असते. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागाला एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. शिवाय घर खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचे, निर्बंध वेगळे लागतात. मी जागेचा हाती काढलेला नकाशा, सातबारा आणि घरपट्टीची पावती घेऊन ग्रामपंचायतीत गेले, लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. शेजाऱ्यांनाही हद्दीचा दगड दाखवून पागोळ्यांचे पाणी त्यांच्याकडे जाणार नाही याची खात्री दिली. दोन फेऱ्यांत हे काम झाले.

जागा निवडताना माडाखालची जागा मी सोडली. नारळ तीस-चाळीस फुटांवरून पडला की पत्र्याला पोचा येतो, पोच्यात पाणी साचते आणि गंज तिथून सुरू होतो. दार पूर्वेला ठेवले, कारण आमच्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि झड त्याच बाजूने आत मारते.

पत्रा घेताना मात्र मी बरेच दिवस घेतले. पूर्वीच्या साध्या जीआय पत्र्याला नुसत्या जस्ताचा मुलामा असतो. गॅल्व्हल्युम म्हणून जो पत्रा मिळतो त्याच्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के अॅल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि थोडे सिलिकॉन असते, आणि उघड्या पावसात तो सर्वसाधारणपणे जास्त टिकतो. दुकानात जाडी विचारली की ०.५० असे उत्तर मिळते. पण ती टीसीटी, म्हणजे मुलामा आणि रंग धरून एकूण जाडी आहे, की बीएमटी, म्हणजे आतल्या पोलादाची जाडी, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मुलाम्याचे वजनही विचारावे. एझेड १५० असे लिहिलेले असेल तर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा, असा त्याचा अर्थ होतो.

शेडच्या एका कोपऱ्यात आडोसा करून वासरू बांधावे असे माझ्या मनात होते. दुकानदाराने मला त्यापासून परावृत्त केले, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. शेण-मुताच्या वाफेतल्या अमोनियाने अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा खाल्ला जातो, म्हणून बंदिस्त गोठ्याला हा पत्रा चालत नाही. ओल्या सिमेंटचाही त्याला तसाच त्रास होतो. आम्ही खाली चिऱ्याचे दोन थर बांधून त्यावर भिंतीचे पत्रे उभे केले होते. तिथे पत्रा मसाल्याला टेकू नये म्हणून मध्ये रबराची पट्टी घातली. या दोन थरांमुळे उसळणाऱ्या पाण्याचा चिखल पत्र्यावर येत नाही, आणि खालच्या फटीतून साप-विंचू आत शिरण्याची वाटही बंद झाली.

आता चुकीबद्दल. पत्रे लावायच्या दिवशी मी तालुक्याला गेले होते. परत आले तेव्हा फॅब्रिकेटरच्या मुलांनी दोन पत्रे लांबीला कापून छपरावर चढवलेही होते, आणि कापले होते ते ग्राइंडरने, बाकीच्या पत्र्यांच्या थप्पीवर ठेवूनच. त्या वेळी काही दिसले नाही. वळिवाची एक सर पडून गेल्यावर आठवड्याने मी शिडीवर चढून पाहिले, तर हिरव्या रंगावर मोहरीएवढे तांबूस ठिपके शेकड्याने उठले होते, आणि हात फिरवला की बोटाला बारीक कच लागत होती. ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण असतो. तो रंगात रुतून बसतो आणि पहिल्या ओलाव्यात गंजतो. कापलेल्या कडेवर तर चक्राच्या उष्णतेने मुलामा जळून रंगाचा पापुद्रा सुटला होता. पुष्कळ बोलणे झाल्यावर त्याने ते दोन पत्रे निम्म्या किमतीत बदलून दिले. नवे पत्रे माझ्यासमोर कात्रीने कापले, आणि स्क्रू मारताना पडलेला लोखंडी चुरा रोज संध्याकाळी मऊ कुंच्याने झाडून काढला. पत्रा कात्रीने किंवा निबलरनेच (पत्रा कुरतडत कापणारे यंत्र) कापायचा, ही अट कामाच्या कागदावर आधी लिहून घ्यावी आणि त्या दिवशी घरी थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन.

स्क्रूही तितकेच लक्ष देऊन पाहावेत. पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेल्या स्क्रूजवळ पाणी वाहत नाही, म्हणून छपराला तिथेच मारावा. त्याच्या खालची ईपीडीएम रबराची चकती आवळल्यावर किंचित फुगलेली दिसली पाहिजे. ती चेपून बाहेर आली तर उन्हात तडकते, आणि सैल राहिली तर पहिल्याच पावसात गळते. वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते, त्यामुळे कडेच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला आणि मधल्या पर्लिनवर एकाआड एक, असे आम्ही मारून घेतले. पाखे भिंतीच्या बाहेर नऊ इंचांहून जास्त काढले नाही, कारण लांब वळचणीखाली वारा शिरतो.

आमच्याकडे दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्या पावसात या लहानशा छपरावरून अकराशे लिटर पाणी उतरते. ते पन्हळीने एका बाजूला घेऊन माडाच्या आळ्यात सोडले आहे.

पहिल्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहाटे पत्र्याला आतून घाम येत असे आणि त्याचे थेंब नारळांवर पडून बुरशी धरत असे. छप्पर गळते आहे असे समजून मी स्क्रू तपासत राहिले, पण रात्री पत्रा गार होऊन आतल्या दमट हवेचेच पाणी होत होते. समोरासमोरच्या दोन भिंतींना वळचणीखाली चार इंचांची फट काढून तिला बारीक जाळी लावल्यावर ते जवळजवळ थांबले. दिव्यासाठी वीज घेतली तेव्हा वायरमनकडून सांगाड्याला अर्थिंग करून घेतले आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. पत्र्याच्या शेडमध्ये एक सोललेली वायर सगळ्या भिंतीत वीज उतरवू शकते.

आता दर वर्षी वैशाखात एक दिवस मी या कामासाठी ठेवते. पन्हळीतला पाला काढते, तडकलेल्या चकत्यांचे स्क्रू बदलून घेते, वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग उडाला असेल तर घासून जस्ताचा प्राइमर लावते आणि तळपट्ट्यांचे सगळे नट पान्याने आवळून पाहते. यंदा चोवीस नटांपैकी दोन सैल निघाले.