एका एकरातले ६२,७२,६४० चौरस इंच

सातबारा हेक्टर-आरमध्ये आला, तरी विदर्भात कपाशीचं अंतर अजून फूट-इंचातच बोललं जातं. ते सोयीचं का पडतं, हे ६२,७२,६४० या आकड्यात दडलंय. एका एकरात इतके चौरस इंच असतात.

आकडा फोडला तर सात वेळा २, चार वेळा ३, एकदा ५ आणि दोनदा ११. म्हणून, प्रत्येक घातात एक मिळवून, विभाजक ८ × ५ × २ × ३ = २४०; इतक्या संख्यांनी हा आकडा निःशेष भागतो. ११ आला तो जमीन मोजायच्या गुंटरच्या ६६ फुटी साखळीतून: दहा चौरस साखळ्यांचा एकर, आणि अर्ध्या साखळीचा, म्हणजे ३३ फुटांचा चौरस तो गुंठा. २ आणि ५ यांचे घात विषम असल्यामुळे पूर्ण फुटा-इंचांच्या बाजूचा चौरस एकर आखताच येत नाही. दहा एकरांचा मात्र येतो, बरोबर ६६० फूट बाजूचा.

आता झाडं मोजा. तीन फूट बाय दीड फूट म्हणजे ३६ × १८ = ६४८ चौरस इंच. भागाकार ९,६८०, बाकी शून्य. चार बाय एक फुटावर १०,८९०. तासांतलं, म्हणजे ओळींमधलं, अंतर साडेतीन फूट केलं, की ४२ मधला ७ आडवा येतो: ४२ × १२ ला १२,४४५.७१. अडीच बाय सव्वा फुटातही १३,९३९.२ येतात, कारण तिथे ५ दोनदा लागतो आणि आपल्याकडे एकच आहे.

हेक्टरचे १० कोटी चौरस सेंटिमीटर म्हणजे नुसते २ आणि ५. ३ नाहीच. सोयाबीनच्या ४५ × ५ सेंमीला हेक्टरी ४,४४,४४४.४४… आणि कपाशीच्या ९० × ४५ ला २४,६९१.३५८०२४६९१… शेपूट संपतच नाही. शेतात अर्धं झाड कोणी लावत नाही म्हणा, पण तोंडी हिशेब इथे अडतो.

खरी गफलत दोन ठिकाणी होते. पहिली, ९० × ४५ सेंमी म्हणजे तीन बाय दीड फूटच असं धरणं. तीन फूट ९१.४४ सेंमी भरतात. त्यामुळे सेंटिमीटरने एकरी ९,९९२ झाडं, फुटाने ९,६८०. बियाण्याच्या हिशेबात ३१२ चा फरक.

दुसरी धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची. ६६० × ६६ फुटांच्या एकरात २२ तास, तासाला ४४० झाडं, हे तेव्हाच जुळतं जेव्हा कडेला अर्धं अंतर सुटतं: बाजूला दीड फूट, टोकांना नऊ इंच. पहिलं आणि शेवटचं झाड थेट धुऱ्यावरच टोबलं तर २३ × ४४१ = १०,१४३ होतात. आणि वखर फिरवायला टोकांना सहा-सहा फूट सोडले, तर तासाला आठ-आठ झाडं कमी धरा.