पाठीवर सुरीची धार

"साहेब, बत्तीस टक्के प्रोटीन घालतोय, तरी मासा वाळतोय." भिगवणजवळच्या एका शेततळ्यावरून मे महिन्यात आलेला हा फोन. तळं तीस बाय तीस, तीन मीटर खोल, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. मासा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. चार महिने झालेले, खाद्य घरी बनवलेलं.

जाळं ओढलं तेव्हा मासे उड्या मारत होते. कल्ले लाल, अंगावर जखमा नाहीत. पण दर पाच-सहा माशांमागे एकाची पाठ बसलेली. डोकं मोठं, आणि पंखाच्या दोन्ही बाजूंचं मांस गेल्यामुळे कणा बोटाला सुरीच्या धारेसारखा लागत होता. उपाशी मासा पोटाकडूनही आत ओढलेला दिसतो. यांची पोटं भरलेली होती आणि फाडल्यावर आतड्याभोवती चरबीही निघाली. यकृत तेवढं पिवळट, बोटाने दाबलं की फुटणारं.

पहिला संशय युरियावर गेला, कारण आपल्याकडे मिळणाऱ्या फिशमीलची, म्हणजे सुक्या मासळीच्या भुकटीची, ख्याती युरियाच्या भेसळीचीच आहे. प्रयोगशाळा प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात नायट्रोजन ४६ टक्के. म्हणजे क्विंटलभर खाद्यात एक किलो युरिया पडला, की कागदावर प्रोटीन जवळजवळ तीन टक्क्यांनी चढतं आणि माशाला त्यातलं काहीच लागत नाही. तपासायला कच्च्या सोयाबीनचं पीठ पुरतं, त्यातलं विकर (एन्झाइम) युरियाचा अमोनिया करतं. खाद्य कोमट पाण्यात कालवायचं, त्यात चमचाभर पीठ टाकून झाकून ठेवायचं. दुसऱ्या बाटलीत पीठ न टाकता तेच खाद्य ठेवायचं, नाहीतर फिशमीलचा मूळचा वास फसवतो. अर्ध्या तासाने हुंगलं. दोन्ही सारख्याच, अमोनिया नाही. बाटलीतून आला तो वास जुन्या चकलीच्या डब्याचा होता.

मग खाद्याची वही मागवली. शेंगदाणा पेंड ४५ किलो, कच्चा भाताचा कोंडा ३५, फिशमील १५, मैदा दोन, मासळीचं तेल दोन, आणि गाईंसाठी आणलेलं मिनरल मिक्श्चर एक किलो. प्रोटीनचा हिशेब चोख, साडेबत्तीसपर्यंत जातो. फॅटचा हिशेब कोणी केलाच नव्हता. घाण्याच्या पेंडीतून तीन, कोंड्यातून पाच, फिशमीलमधून एक, वर तेलाचे दोन. अकरा टक्के! या माशाला पाच ते आठ पुरे.

अकरा टक्केही ताजे असते तर फार तर मासा चरबट झाला असता. पण कच्चा कोंडा गिरणीतून निघाल्यापासूनच बिघडायला लागतो, कारण त्यातलं विकर त्यातलंच तेल फोडत बसतं. हा महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये होता, शेजारी तेलाचा अर्धा रिकामा कॅन, झाकण उघडं. खवट तेल माशाच्या अंगातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं आणि ते संपलं की पाठीचं मांस झिजतं. जपानमध्ये रेशीम किड्यांचे खवट कोष खाणाऱ्या याच माशात हा आजार फार पूर्वीच दिसला, तिथे त्याला सेकोके म्हणतात. या मिश्रणात ई जीवनसत्त्व वेगळं घातलेलंच नव्हतं. मातीच्या तळ्यात मासा शेवाळ, किडे खाऊन थोडंफार भागवतो. कागदाच्या तळ्यात पोत्यात जे नाही ते पोटात नाही. तळी विकणारे हे कधीच सांगत नाहीत.

उरलेलं खाद्य कंपोस्टच्या खड्ड्यात. कच्च्या कोंड्याच्या जागी तेल काढलेला कोंडा, त्यात फॅट एक टक्क्याच्या आसपास. तेल दोनाऐवजी एक किलो, लहान कॅनमधलं, सावलीतलं. ई जीवनसत्त्व किलोला १०० मिलिग्रॅम. खाद्य एका वेळी आठवड्यापुरतंच.

घोळ पुढे झाला. त्या खाद्यातल्या तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवटपणाचा आकडा, पुण्यात काढून घेतली आणि ती चक्क कमी आली. मालकांनी रिपोर्ट पुढे धरला, "दादा, यात तर खवट नाही म्हणतायत." तेल खवटायला लागलं की हा आकडा चढतो. पण फार खवटलं की पेरॉक्साइडच फुटतात, त्यांचे अल्डिहाइड होतात आणि आकडा खाली येतो. त्यासाठी अल्डिहाइड दाखवणारी अ‍ॅनिसिडिन व्हॅल्यू सोबत काढायला हवी होती. ती सांगायची राहिली, आणि नमुना संपला. त्यामुळे खवट तेल मुख्य की ई जीवनसत्त्वाचा अभाव मुख्य, हे त्या तळ्यापुरतं आता सिद्ध करता येत नाही. बदल दोन्ही एकदमच केले होते.

ऑगस्टमध्ये पुन्हा जाळं ओढलं. नव्याने पाठ बसलेला मासा सापडला नाही. किंचित बसलेल्यांच्या पाठी भरल्या होत्या, पण धार आलेले लांबीला वाढले, जाडीला नाहीत. व्यापाऱ्याने ते वेगळे काढून कमी भावाने घेतले.