पासिंगची गाडी, मातीतली वाट: आमची वाटचाल

भोसरीत आमचं दुचाकीचं गॅरेज आहे. आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "डर्ट बाईकचं पासिंग करून मिळेल का?" म्हणजे मातीच्या ट्रॅकसाठीच बनवलेल्या गाडीला रस्त्यावर चालवायचा नंबर. आमचं उत्तर सुरुवातीपासून एकच आहे, मिळणार नाही. या उत्तरामुळे गिऱ्हाईकं गेली, आणि पुढे त्याच उत्तरामुळे आली.

मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून हे उभं केलं. तो एमआयडीसीत लेथवर काम करायचा, मी एका शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. रविवारी दोघंही डर्ट ट्रॅकच्या शर्यतींना जायचो. त्या काळी शर्यतीची गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००. तिचे दिवे, आरसे, मडगार्ड सगळं उतरवायचं, हँडल बदलायचं, सायलेन्सर बदलायचा. पण ती गाडी ट्रॅकवर टेम्पोतूनच जायची आणि टेम्पोतूनच परत यायची. ट्रॅकची गाडी वेगळी आणि रस्त्याची वेगळी, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

२०१७ च्या सुमारास कावासाकीच्या केएक्स आणि सुझुकीच्या आरएम-झेड या खऱ्या मोटोक्रॉस गाड्या, म्हणजे मातीच्या शर्यतीसाठीच बनवलेल्या डर्ट बाईक, भारतात रीतसर विकायला आल्या. विकल्या गेल्या त्या फक्त ट्रॅकसाठी. घेणाऱ्याला मात्र आठवड्याभरात वाटायला लागायचं, लाखो रुपये घातलेत तर गाडी निदान कोपऱ्यापर्यंत तरी न्यावी. मग अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक यायचे. तिकडे अॅरिझोनासारख्या राज्यात दिवे, आरसा, हॉर्न बसवून, तपासणी करून अशा गाडीला नंबर मिळवता येतो. त्याच देशातलं कॅलिफोर्निया राज्य मात्र आताच्या डर्ट बाईकला तसं करू देत नाही. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आपल्याकडे अडचण दिव्यांची नाहीच. नवीन गाडीची नोंदणी करायची तर फॉर्म २० च्या अर्जासोबत इतर कागदांबरोबर हे दोन लागतातच: विक्रेत्याचा फॉर्म २१, आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असं उत्पादकाने लिहून दिलेला फॉर्म २२. हा फॉर्म २२ द्यायचा तर आधी त्या मॉडेलची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे मान्य संस्थेत व्हावी लागते. वेताळ टेकडीवरची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, आमच्या भोसरीतलीच सीआयआरटी, अशा त्या संस्था. धूर, आवाज, ब्रेक, दिवे, सगळं तपासलं जातं. मोटोक्रॉस गाडी ज्या कंपनीने ट्रॅकसाठीच बनवली, ती हा कागद देत नाही. आणि तिच्या जागी आम्ही गॅरेजवाले तो देऊ शकत नाही, एजंटही देऊ शकत नाही.

तरी हौसेने विचारणाऱ्याला आम्ही गाडी उघडून दाखवतो. बऱ्याच मोटोक्रॉस गाड्यांत वीज बनवणारा मॅग्नेटो फक्त ठिणगीपुरता असतो. हेडलाईट आणि इंडिकेटर ओढायला त्यात ताकदच नसते. मागच्या हबमध्ये झटका झेलणारे रबर नसतात, त्यामुळे डांबरावर सतत चालवली की सगळा मार चेन आणि गिअरबॉक्सवर येतो. पिस्टन बदलायची वेळ किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात.  हे सगळं बघितल्यावर बरेच जण आपणहून म्हणतात, राहू दे.

राहू दे न म्हणणारेही असतात. ते जुन्या आरएक्सचं नाहीतर हिरोच्या इम्पल्सचं आरसी बुक घेऊन येतात आणि हळू आवाजात विचारतात, "याचा चेसिस नंबर डर्ट बाईकवर घेता येईल ना?" या कामाचे पैसे चांगले मिळतात, हे मला माहीत आहे. धंदा नवीन होता, शटरचं भाडं थकलं होतं, तेव्हाही आम्ही त्या कामाला ग्राइंडर लावला नाही. यात माझ्या पत्नीचा वाटा मोठा. ती आधी विमा कंपनीच्या क्लेम विभागात होती. अपघातानंतर सर्व्हेअर सगळ्यात आधी चेसिस नंबर बघतो, आणि तो खोटा निघाला तर समोरच्या जखमी माणसाची भरपाई आपल्या घरातून द्यायची वेळ येऊ शकते, हे तिने आम्हा दोघांना बसवून समजावलं होतं. आज गॅरेजचा सगळा कागद तीच बघते. पासिंगच्या गाडीचं आरसी आणि चेसिस नंबर जुळल्याशिवाय जॉब कार्ड फाडत नाही.

कायदाही पुढे कडक झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला एकेका बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मग आमचं चाललं कशावर? उलट्या वाटेवर. डर्ट बाईक रस्त्यावर आणण्याऐवजी, पासिंग असलेली गाडी मातीसाठी तयार करायची. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली तेव्हा ही कल्पना सुचली होती, पण गाडी फार खपली नाही. २०१९ च्या मे महिन्यात हिरोचीच एक्सपल्स २०० आली आणि आमचे दिवस पालटले. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, लाखभराच्या आत एक्स-शोरूम किंमत. कॉलेजची पोरं, शेतकऱ्यांची मुलं, आयटीतले इंजिनिअर, सगळे एकच गाडी घेऊन यायला लागले.

त्या गाडीवरचं सगळ्यात महत्त्वाचं काम फुकटात होतं, असं मी प्रत्येकाला सांगतो. आधी गाडी उचलून मागच्या अॅक्सलपासून वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंत टेप धरायचा. मग मालकाला हेल्मेट-बूट घालून गाडीवर बसवायचं आणि पुन्हा मोजायचं. एकूण ट्रॅव्हलचा, म्हणजे चाक जेवढं वर-खाली होऊ शकतं त्या अंतराचा, साधारण तिसरा हिस्सा बसला पाहिजे. एक्सपल्सचा मागचा ट्रॅव्हल १७० मिलिमीटर, म्हणजे पंचावन्नच्या आसपास. जास्त बसली तर मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब, चढवायचा. एवढ्यावर गाडी वळणात नीट बोलायला लागते. त्यानंतर सम्प गार्ड (इंजिनाखालचा पत्रा), हँड गार्ड, त्याच मापाचे जाड गोट्यांचे टायर. मूळ वायरिंगला कात्री लागत नाही आणि सायलेन्सर कंपनीचाच राहतो. खरं सांगायचं तर आवाज वाढवून मागणाऱ्याचं काम मला आवडतही नाही. गावातून जाताना लोकांची झोपमोड करणारा रायडर पुढच्या सगळ्या रायडरांची वाट बंद करतो.

२०२० मध्ये हिरोने याच गाडीसाठी रॅली किट काढलं, पुढे २५० मिलिमीटर ट्रॅव्हल देणारं. ते रस्त्यासाठी नव्हतं. दोन वर्षांनी तशीच उंच गाडी कंपनीने रॅली एडिशन म्हणून स्वतः विकली, आणि तिला नंबर मिळाला. गिऱ्हाइकाला पटवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. पुढचा ट्रॅव्हल तेवढाच, पण एकीकडे सुट्टं किट मालकाने बसवायचं आणि दुसरीकडे अख्खी गाडी मंजूर करून घेऊन फॉर्म २२ वर कंपनीची सही. आता तर चाकणमध्ये बनणारी केटीएम ३९० एन्ड्युरो आर आहे, कावासाकीची केएलएक्स २३० आहे. पासिंगसह मातीची गाडी मागणाऱ्याला आज खरोखर पर्याय आहेत, आणि मला याचा मनापासून आनंद वाटतो.

मोटोक्रॉस गाड्यांचं काम आम्ही सोडलेलं नाही. त्या छोट्या हत्तीतून येतात, छोट्या हत्तीतून जातात. सरावासाठी वेल्ह्याच्या बाजूला एका शेतकरी दादांचं पडीक रान आम्ही भाड्याने घेतो. गावची पाणंद चालत नाही, कारण जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती जागा कायद्याने सार्वजनिकच, डांबर असो वा नसो. टेकड्या आणि वनखात्याची जमीन तर नकोच.

पासिंगची गाडी असेल तर येताना आरसी आणि चालू विमा घेऊन या, गाडी धुऊन आणली तर उत्तम. पावसाळ्यात ताम्हिणीकडे जायचा बेत असेल तर फोर्कचं ऑईल आणि सील मे महिन्यातच करून घ्या. जून लागला की आमच्याकडे पंधरा दिवस तरी थांबावं लागतं.