तुम्ही विचारलंत म्हणून: भिशीत मी 'माझं वेगळं सांगा' का म्हणते

भिशीच्या जेवणाला बसलं की मेन्यूकार्ड उघडायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "हिचं वेगळं असणार." मग ठरलेला प्रश्न येतो. सुशी खातेस, कच्चा मासा चालतो, आणि आमच्याबरोबर एक प्लेट मध्ये ठेवून चार घास वाटून खायला काय होतं तुला? नणंदेनं विचारून झालं, शेजारणीनं झालं, भिशीतल्या एकेकीनं आळीपाळीनं झालं. परवा एकीच्या सुनेनं विचारलं, आणि तिची माझी ती पहिलीच भेट. म्हणून लिहून टाकते.

आधी सुशीचं मिटवू. लेकीनं पुण्यात खाऊ घातली, आवडली, विषय संपला. तांबडा-पांढरा सोडलाय असं समजू नका, आमच्या घरी रविवारी मटण असतंच. सुशी म्हणजे कच्चा मासा, हेही खरं नाही. सुशीचा जीव भातात असतो, व्हिनेगर-मीठ-साखर लावलेल्या चिकट भातात. मासा नुसता कापून देतात ती साशिमी. कच्चा द्यायचा झाला तर आधी उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस गोठवावा, म्हणजे त्यातले जंत मरतात, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. मी घरी करते ती इंद्रायणी तांदळाची, आत काकडी आणि शिजवलेली कोळंबी. एकदा आजऱ्याचा घनसाळ घेऊन बघितला, पण त्याच्या वासाचं व्हिनेगरनं मातेरं केलं. वासाबी म्हणून जी हिरवी गोळी देतात ती बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग. आपल्या ठेच्यापुढं तिची काय पत्रास! 'मांजराचं जेवण' म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं, मग खुशाल म्हणावं.

आता वाटून खाण्याचं. रस्सा हा किती माणसं येणार ते माहीत नसताना करायचा पदार्थ आहे. मळ्यात पार्टी ठरते दहाजणांची आणि येतात पंधरा. पातेल्यात तांब्याभर आधण वाढवायचं, वर चटणी-मीठ, झालं. मटणाचे तुकडे कुणाला कमी, कुणाला जास्त, पण वाटी कुणाची रिकामी राहत नाही. सुशीचं तसं होत नाही. आठ तुकडे आणि अकरा बायका म्हटल्यावर खायच्या आधी हिशेबच सुरू होतो. कुणी दोन घेतले, कुणी लाजेनं घेतलाच नाही, सगळं दिसतं. आणि बिल मात्र सगळ्यांत सारखं.

पण तुम्ही विचारता ते यासाठी नाही, हे मला कळतं. तुम्हाला वहिनींच्या दिवसाबद्दल ऐकायचं असतं, नि मी तो विषय टाळते असं तुमचं म्हणणं. तर ऐका.

भिशी जिला लागली होती तिनं ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात टेबल सांगितलं होतं. नवं काहीतरी करू म्हणून सुशीचं मोठं प्लॅटर. वहिनी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, माळकरी, दरवर्षी आषाढीला चालत जाणाऱ्या. त्यांच्यासाठी काकडी-अवोकॅडोचे रोल सांगितले होते, म्हणजे काळजी घेतली नव्हती असं कुणी म्हणू नये. वेटरनं लांबट लाकडी पाट आणून ठेवला नि बोट दाखवून सांगितलं, ही बाजू व्हेज, ही नॉनव्हेज. इथवर सगळं ठीक. मग रील काढायची टूम निघाली. सामन माशाचा केशरी रंग फोनमध्ये नीट येईना, म्हणून एकीनं पाट अलगद उचलून फिरवला.

बस्स, एवढंच झालं.

भात बाहेरून लावलेले रोल दिसायला सगळे सारखे. वर पांढरे तीळ, कडेला काकडीचं हिरवं टोक. कुणीतरी काड्यांनी एक उचलून वहिनींच्या बशीत ठेवला, "घ्या वहिनी, काकडीचं आहे." वहिनी म्हणाल्या, "असू दे गं, मला लिंबू सोडा पुरे." मग सुरू झाला आपला कोल्हापुरी आग्रह. एक घास, एकच घास, आमच्यासाठी. फोन त्यांच्या तोंडासमोर. त्यांनी हातानं तुकडा उचलला, पूर्ण तोंडात घातला आणि दोनदा चावला. तेवढ्यात समोरची म्हणाली, "अगं, ती प्रॉन्सची बाजू आहे ना?"

आधी हसू फुटलं, एकदोघींना. खोटं कशाला बोलू?

वहिनींनी उजवा हात पदराखाली गळ्याशी नेला. डाव्या हातानं पेपर नॅपकिन ओढून घास त्यात काढला, त्याची घडी केली, आणखी एक घडी केली आणि ती पुडी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. बशीत टाकला नाही. टेबलावर अजून आम्ही खात होतो ना. "मी येतो जरा जाऊन," म्हणाल्या आणि बेसिनकडं गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. परत आल्यावर एकीनं समजूत काढली, मनात नव्हतं ना वहिनी, मग पाप लागत नाही. वहिनी म्हणाल्या, "पापाचं काय नाही गं. आत काय आहे म्हणून पुन्हा विचारलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, ह्यांचं हे नेहमीचंच."

बिलाचे सारखे भाग झाले. त्यांनी सोड्यावर पूर्ण भाग भरला. पुढं भिशीचे राहिलेले हप्ते दर महिन्याला नातवाच्या हातून वेळेवर आले. त्या स्वतः आल्या नाहीत.

मी त्यांच्या शेजारीच होते. तू का नाही थांबवलंस, असं दोघी-तिघींनी मला विचारलंय. पाट मी फिरवला नव्हता, बशीत मी वाढलं नव्हतं, फोन माझा नव्हता. प्रत्येक वेळी हेच सांगते, आणि सांगून झालं की स्वतःचाच राग येतो. पण हे सगळं सुशीमुळं झालं म्हणून त्यात जपानला कशाला ओढता? तिथं सामाईक ताटातून घ्यायला वेगळ्या काड्या ठेवायची रीत आहे. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास तर देतच नाहीत, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. आणि योशिआकी शिराइशी नावाच्या गृहस्थांनी १९५८ साली ओसाकाकडं फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं दुकान काढलं. सगळे एका पट्ट्याभोवती बसतात, ज्याला जी हवी ती बशी तो उचलतो, शेवटी ज्याच्या त्याच्या बशा मोजून बिल. मला हवंय ते एवढंच. आपल्या यात्रांना तरी काय होतं? माळकऱ्यांचं वेगळ्या चुलीवर शिजतं, त्यांची पंगत आधी उठते, आणि त्यात कुणाला कुणाचा अपमान वाटत नाही.

हे सगळं मी एकदा भिशीतल्या माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला ऐकवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुझं वेगळं तुझ्या आवडीचं आहे. माझ्या आजीचा कप मालकाच्या गोठ्याच्या वळचणीला अडकवलेला असायचा. तो तिनं मागितला नव्हता. तू 'माझं वेगळं' म्हणालीस की मला तो कप दिसतो. म्हणून मी मुद्दाम सगळ्यांच्या ताटात हात घालते."

यावर काय बोलणार? तरी मी बोलले, गप्प बसणं आपल्याला जमत नाही. गंगाराम कांबळ्यांची गोष्ट या गावात शाळेतल्या पोरालाही माहीत असते. पागेतला दलित माणूस, सवर्णांच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेला. शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं, स्वतः तिथं थांबून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. मी म्हटलं, "पण महाराजही चहा स्वतःच्या कपातूनच प्यायचे की."

ती म्हणाली, "किटली एकच होती."

तेव्हापासून आमचं दोघींचं हे तिथंच अडलंय. माझ्याकडं तिला उत्तर नाही आणि तिच्याकडं वहिनींना उत्तर नाही, हे मी तिला तोंडावर सांगितलंय. ती म्हणते, वहिनींना फसवून भरवलं, ते वाटून खाणं नव्हतंच. मी म्हणते, एवढ्या आग्रहात तो फरक कुणाला कळतो?

आणि आणखी एक कबूल करते, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. वहिनींच्या आधीपासूनच मला वाटून खाणं जिवावर यायचं. सुशी तर मला एकटीलाच आवडते, आठच्या आठ. वहिनींमुळं मला एक भारदस्त कारण मिळालं, असं मैत्रीण म्हणते, आणि त्यात तथ्य नाही असं मला म्हणता येत नाही. लग्न झालं तेव्हाची मी, पाहुण्यानं वाटीवर हात धरला तरी बोटांच्या फटीतून रस्सा ओतणारी, मला आज बघेल तर विचारेल, बाई, एवढी कोरडी कधी झालीस? मी तिला विचारेन, तुझ्या आग्रहानं किती जणांनी घरी जाऊन पोट धरलं, ते कधी मोजलंस का? ती म्हणेल, पण ती माणसं पुन्हा आली की नाही? आली होती, हे मला नाकारता येत नाही.

पुढची भिशी माझ्याकडं लागलीय. घरीच करते. मटण, दोन्ही रस्से, भाकरी, आणि वेगळ्या गॅसवर वेगळ्या भांड्यात शाकाहारी. सुशीही करेन, ज्यांना हवी त्यांनी आधी कळवा, जेवढ्या जणी तेवढ्या बशा. मैत्रिणीनं कळवलंय की तिची बशी नको, ती माझ्यातलीच घेणार. वहिनींना फोन केला होता. नातवानं उचलला, आजी देवळात गेलीय म्हणाला.

उद्या पुन्हा करेन.