माझा अनुभव: दुपारी अडखळणारा जुना स्विच

जळगावात चार स्थानिक इंटरनेटवाल्यांनी आपसातला ट्रॅफिक मुंबईला न पाठवता इथेच एकमेकांना द्यायचा, म्हणून १०० एमबीपीएसचा २४ पोर्टचा जुना स्विच (नेटवर्कच्या तारा एकमेकांना जोडणारा डबा) लावलेला. सकाळी ठीक, दुपारी दोननंतर पिंग (जोडणी तपासायला पाठवलेलं छोटं पॅकेट) तुटायचं.

"भाऊ, रीस्टार्ट मारू का?" असं तिथल्या पोरानं विचारलं. अजिबात नाही. वर्षानुवर्षं सलग चाललेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकत येतात. गरम आहेत तोवर निभतं. थंड झाल्यावर डबा परत उठेलच असं नाही. आधी कन्सोल केबल (स्विचशी थेट बोलायची तार, वेग ९६०० बॉड) जोडून कॉन्फिग, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज, लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

मग पोर्टवरच्या चुका मोजणारे काउंटर शून्य केले आणि दहा मिनिटं थांबलो. एका पोर्टवर लेट कोलिजन (पॅकेटांची उशिरा झालेली टक्कर), समोरच्या राउटरवर सीआरसी एरर (पॅकेट बिघडून पोहोचल्याची खूण). ही जोडी दिसली की डुप्लेक्स जुळत नाही असं धरून चालायचं: फुल म्हणजे एकाच वेळी बोलणं-ऐकणं, हाफ म्हणजे आळीपाळीनं. राउटर १०० फुलवर फिक्स, स्विच ऑटोवर. ऑटोला समोरून उत्तर येत नाही, तो स्पीड तेवढा ओळखतो आणि हाफवर पडतो. दोन्हीकडे फुल फिक्स केलं. लोड नसताना पिंग स्वच्छ दिसतं, म्हणून हा दोष महिनोन्महिने लपून राहतो.

फ्लो कंट्रोलही (समोरच्याला 'थांब' सांगायची सोय) बंद केला. एका मंद पोर्टनं 'थांब' म्हटलं की त्याच्या पॅकेटांनी बफर भरतो आणि बाकीचे ताटकळतात. १९९० च्या दशकात वॉशिंग्टनजवळच्या मे-ईस्ट या इंटरनेट कंपन्यांच्या जोडणी-केंद्रावर डेक कंपनीच्या गिगास्विचचं दुखणं याच जातीचं होतं: इनपुटला एकच रांग, पुढचं पॅकेट भरलेल्या पोर्टसाठी अडलं की मागची, रिकाम्या पोर्टकडे जाणारीही, उभीच. अशा रांगेची क्षमता गणितानं ५८.६ टक्क्यांच्या आसपास संपते.

अर्धा त्रास गेला, दुपारचा राहिला. चालू स्थितीत ५ व्होल्टच्या लाइनवर मीटरनं ४.६ दाखवले. रात्री बंद करून डबा उघडला. पंख्यावर जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या गिरण्यांच्या) कापसाचा अक्षरशः नमदा बसलेला. वैशाखात बाहेर ४५ अंश, मग आत काय होत असेल!

मेन्सकडच्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज उरतो. मीटरनं तो उतरल्याची खात्री केल्याशिवाय बोट लावायचं नाही. १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले होते. त्यांच्या जागी तेवढ्याच क्षमतेचे १६ व्होल्टचे, १०५ अंश सोसणारे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) घातले. कपॅसिटरवरची पट्टी ऋण बाजूला. रेडिओच्या दुकानात ८५ अंशांचे स्वस्त मिळतात, ते खानदेशच्या उन्हाळ्यासाठी नाहीत. ४० मिमीचा १२ व्होल्टचा पंखाही बदलला. त्याच्या तीन तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो; चुकला तर पंखा फिरत नाही किंवा फिरूनही अलार्म येतो.

लाइन ५.०५ वर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता १४७२ बाइटचं, म्हणजे पूर्ण आकाराचं, तुकडे न करणारं पिंग तासभर सोडलं. एकही पॅकेट गळलं नाही. कपाटातल्या स्पेअर स्विचचे कपॅसिटर पडून खराब होऊ नयेत म्हणून त्याला आता महिन्यातून एकदा तासभर वीज देतो. पंख्यासमोरची जाळी दर पंधरा दिवसांनी झटकतो, जिनिंगच्या हंगामात दर आठवड्याला.