वाणातला ओवा

संक्रांतीनंतरचा आठवडा. सोलापुरात विजापूर रोडवर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, निघालेल्यांची वर्दळ आणि आमच्या नर्सरीत वाणाच्या ऑर्डरी. एका काकूंनी हळदीकुंकवासाठी पानओव्याच्या ५१ कुंड्या सांगितल्या होत्या, पांढऱ्या काठाच्या पानांच्या. आदल्या दिवशी भरून तयार ठेवल्या.

काकू सकाळी रिक्षाटेम्पो घेऊनच आल्या. एक पान चुरगाळून नाकाशी नेलं. "अहो, याला ओव्याचा वास कुठाय?"

मी त्याच कुंडीतलं पान चोळलं. दणदणीत ओवा! म्हटलं, हा काय काकू. शेजारची पाच-सहा पानं चोळून पाहिली, सगळ्यांना वास. यांनाच सर्दी झाली असणार असं मनात आलं, बोललो नाही. पण चेहऱ्यावर दिसलं असावं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आता पान सोडा, नुसती बोटं हुंगा बघू."

बोटं घमघमत होती. सकाळपासून मी पानओव्याच्या फांद्या छाटत होतो. या पानांवर बारीक लव असते, तिच्यात तेलाचे इवले ठिपके. नुसता हात लागला तरी ते फुटतात आणि साबणानं धुतलं तरी वास तासन् तास जात नाही. माझ्या हातात गुलाब दिला असता तरी मी ओवाच सांगितला असता.

घोळ माझाच होता. टांगत्या कुंड्यांसाठी आम्ही पांढऱ्या काठाचा प्लेक्ट्रँथस लावतो. त्याच्या कटिंगा पानओव्याच्या शेजारीच होत्या, भरताना मिसळल्या. दोन्ही तुळशीच्या कुळातले, त्यामुळे रूपही सख्ख्या भावंडांचं. (गंमत म्हणजे मसाल्याच्या डब्यातला ओवा या कुळातला नाहीच, तो कोथिंबिरीचा भाऊबंद. वास तेवढा जुळतो, कारण थायमॉल, कार्वाक्रॉल ही तेलातली द्रव्यं त्याच जातीची.) शोभेला प्लेक्ट्रँथस झकास आहे. पण वाण घेतलेली बाई उद्या त्याची भजी तळणार, पोराला खोकल्यावर रस पाजणार. तिथं चालवून घेता येत नाही.

हिरव्या शेडनेटखाली सगळंच हिरवट दिसतं, म्हणून कुंड्या उन्हात काढल्या. आता फरक कळायला लागला. पानओव्याचा हिरवा राखाडी झाक असलेला, काठ सायीच्या रंगाचा; दुसऱ्याचा हिरवा तजेलदार, काठ चुन्यासारखा पांढरा. बहुतेक कुंड्या वेगळ्या झाल्या, पण दहा-बारा अडल्या. कोवळी पानं, रंग धड ना हा ना तो. काकूंनी पुन्हा वास घ्यायला सुरुवात केली, तर आता त्यांनाही सगळीकडे ओवाच!

पाण्याचा पाइप टाकून मावशी आल्या. आमच्याकडे येण्याआधी तीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या, दिवसाला हजार. तेंदूचं पान बोटांनीच ओळखायची सवय.

"कशाला हुंगत बसलाव मालक? तंबाखूनं माझं नाक तर कवाच गेलंय."

त्यांनी पान अंगठ्यात आणि तर्जनीत धरून हलकं दाबलं, मग दुमडलं. कट्. जाड, रसरशीत पान काकडीच्या फोडीसारखं मोडलं. "ह्यो ओवा." पुढच्या कुंडीतलं पान दुमडलं तर ते नुसतं वाकलं, मोडलं नाही. "ह्यो नाही." सगळ्या कुंड्या निवडायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. आधी रंगावरून मी पक्क्या केलेल्यांतल्याही दोन त्यांनी काढून बाजूला ठेवल्या.

प्लेक्ट्रँथसच्या एकूण १४ निघाल्या. नवीन कटिंगा मुळं धरेपर्यंत पंधरा दिवस, तोवर रथसप्तमी उलटून जायची. काकूंनी तेवढ्याच गवती चहाच्या पिशव्या घेतल्या आणि एक प्लेक्ट्रँथस स्वतःच्या गॅलरीसाठी. पैसे मी घेणार नव्हतो, त्यांनी दिलेच.

दुपारी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. पहिला घास तोंडात घातला, तर चटणीलाही ओव्याचाच वास.